पर्थहून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे: तीन आणि सहा वर्षांची मुलं, आई, तंबू आणि पंधरा दिवस

सागरगोटी · १० मार्च २०२५

नमस्कार मंडळी. आम्हाला पर्थला येऊन दोन वर्षं झाली. जुलैच्या शाळेच्या सुट्टीत (५ ते २० जुलै) गाडीने उत्तरेला जायचं मनात आहे. सध्याचा आराखडा असा: पर्थ, सर्व्हांटिस, कालबारी, डेनम, कार्नार्वन, कोरल बे, एक्समाउथ आणि परत. एक्समाउथ साधारण १,२५० किलोमीटर, आणि शार्क बेला (डेनम तिथेच आहे) हमरस्ता सोडून आत जाऊन यायचं ते वेगळं. सोबत सहा वर्षांची लेक, नुकताच तीन पूर्ण झालेला धाकटा आणि अलिबागहून येणारी माझी आई, वय ६३. तंबू विकत घेतला आहे, गाडी फोर बाय फोर आहे. पण आम्ही दोघांनी याआधी मुलांना घेऊन एकच रात्र तंबूत काढली आहे, तीही पर्थपासून तासाभरावर.

नवऱ्याचं म्हणणं, एवढं निघतोच आहोत तर एक्समाउथ गाठायचंच. मला वाटतं धाकटा चौथ्या दिवशीच गाडीत बसायला नकार देईल. पण जायचंय हे नक्की. मी समुद्राच्या आवाजात वाढले. भरती कधी, ओहोटी कधी, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, ते आपोआप कळत गेलं. माझ्या मुलांना समुद्र भेटतो शनिवारी, दोन तास, आधी पार्किंग शोधून. त्यांनी निदान काही दिवस तरी समुद्राजवळ झोपावं, उठावं, एवढीच इच्छा आहे.

प्रश्न दोन. पंधरा दिवसांत इतकं जमेल का? आणि आईला तंबूत झोपवावं का?

भटका_बोरिवली · १० मार्च

वाचतोय. वाचनखूण साठवली आहे.

उत्तरायण · १० मार्च

सागरगोटी, जा आणि पूर्ण जा. आम्ही २०२२ मध्ये पाच आणि दोन वर्षांच्या मुलींना घेऊन एक्समाउथपर्यंत गेलो होतो. मुलं आपल्याला वाटतं त्यापेक्षा चिवट असतात. पहाटे त्यांना झोपेतच गाडीत ठेवलं की पहिले दोन तास शांततेत सरतात. एक्समाउथजवळच्या केप रेंज राष्ट्रीय उद्यानात ऑस्प्रे बेला तंबू होता. सकाळी चेन उघडली की समोर निंगालूच्या प्रवाळकिनाऱ्याचं निळं पाणी, आणि दहा पावलं पाण्यात गेलं की मासे. ते सोडून परत फिरलात तर घरी आल्यावर नकाशा बघवणार नाही तुम्हाला.

दोघांची_आई · ११ मार्च

मी उत्तरायण यांच्या उलट मताची आहे. आम्ही गेल्या वर्षी हाच आराखडा केला होता, जवळजवळ याच गावांचा. चौदा रात्रींत दहा मुक्काम. म्हणजे दहा वेळा तंबू उभारणं, दहा वेळा गुंडाळणं, दहा वेळा कुठल्या पिशवीत टूथब्रश आहे ते शोधणं. माझा मुलगा तेव्हा साडेतीनचा होता. डेनमला त्याला पाण्यात खेकडे सापडले, तो रमला, आणि आम्ही त्याला रडत उचलून गाडीत घातलं, कारण त्या रात्रीचं बुकिंग कार्नार्वनचं होतं. त्याचं ते रडणं अजून आठवतं. आम्ही त्याला समुद्र दाखवायला आणलं होतं आणि समुद्र सापडल्यावर तिथून हलवलं.

माझं कळकळीचं सांगणं: मुक्काम चार ठेवा, पाच फार झाले. त्यातल्या एका जागी तरी चार-पाच रात्री. एक्समाउथ कुठे जात नाही.

उत्तरायण · ११ मार्च

@दोघांची_आई, मुद्दा पटतो. पण परत हजार-बाराशे किलोमीटर जाणं दरवर्षी होत नाही. व्हिसा, नोकरी, आजीची तब्येत, सगळं एकदाच जुळून येतं. म्हणून म्हटलं.

दोघांची_आई · ११ मार्च

एकदाच जुळून येतं म्हणूनच तर ते घाईत संपू नये असं मला वाटतं.

लालमाती · १२ मार्च

मी परिचारिका आहे. उत्तरेकडच्या पिलबारा आणि गॅस्कॉइन या भागांतल्या छोट्या दवाखान्यांत मिळून सहा वर्षं काम केलं. वरचा वाद चालू द्या, दोन्ही बाजू मला पटतात. मी फक्त जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगते, आणि ते थोडं लांबेल.

सगळ्यात आधी, अंधारात गाडी चालवायची नाही. संध्याकाळी आणि पहाटे कांगारू रस्त्याच्या कडेला चरायला येतात आणि गाडीच्या दिव्यांकडे न बघता आडवे उडी मारतात. त्यात एमू, मोकळी गुरं, रानटी बकऱ्या. उत्तरायण, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगते, मुलं झोपलेली असताना पहाटे चारला निघणं पर्थच्या आसपास ठीक आहे. जेराल्डटनच्या पुढे नको. सूर्य चांगला वर आला की निघा आणि दुपारी तीनपर्यंत मुक्कामाला पोहोचा. भाड्याची गाडी असेल तर बहुतेक करारांत शहराबाहेर रात्री चालवायला मनाईच असते.

दुसरं पाणी. माणशी दिवसाला किमान पाच लिटर पिण्या-रांधण्यासाठी, आणि एका दिवसाचं जास्तीचं. तुम्ही पाच जण, म्हणजे वीस लिटरचे तीन कॅन कायम भरलेले. केप रेंजच्या कॅम्पांवर पिण्याचं पाणी नसतं, दुकान नसतं, शेकोटीही चालत नाही. इंधन प्रत्येक रोडहाउसला, म्हणजे हमरस्त्यावरच्या पंप-खानावळीला भरा. बिलाबाँग, ओव्हरलँडर, वूरामेल, मिनिल्या ही नावं कागदावर लिहून ठेवा, कारण मधल्या पट्ट्यात फोनला रेंज नसते. गावांमध्ये टेल्स्ट्रा कंपनीची बरी चालते. शक्य असेल तर पीएलबी म्हणजे बटण दाबलं की उपग्रहामार्फत मदतीचा संदेश देणारं छोटं यंत्र घ्या, आणि ते नावावर नोंदवायला विसरू नका. आणीबाणीचा क्रमांक ०००.

तिसरं समुद्र. हे तुमच्या आईलाही नीट सांगा, कारण आपण कोकणातली माणसं शंख दिसला की उचलतो. इथे उचलायचा नाही. कोन शेल नावाच्या सुंदर नक्षीच्या शंखात जिवंत प्राणी असतो आणि त्याचा दंश जीवघेणा ठरू शकतो. खडकातल्या डबक्यांत निळ्या वलयांचा छोटा ऑक्टोपस असतो, त्यालाही हात नाही. या दोन्हींना आणि सापाला प्रथमोपचार एकच: पूर्ण हात किंवा पाय दाबपट्टीने गुंडाळायचा, फळी बांधायची, माणसाला अजिबात चालू द्यायचं नाही, मदत बोलवायची. सापाच्या दंशाची जागा धुवायची नाही. स्टोनफिशवर पाय पडला तर मात्र पट्टी नाही, सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय. म्हणून पाण्यात प्रत्येकाच्या पायात बूट. दहा-पंधरा सेंटिमीटर रुंदीच्या तीन दाबपट्ट्या घ्या आणि घरी मुलांच्या पायावर बांधून सराव करा. मुलांना तो खेळ आवडतो.

शेवटचं, मुलांचं. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी, रात्री प्रत्येकाच्या कपाळावर दिवा. कॅम्पवर मूल हरवतं ते बहुतेक वेळा बाथरूमच्या वाटेवर. सहा वर्षांची लेक म्हणेल मी एकटी जाते. नाही जायचं.

घाबरवण्यासाठी लिहिलं नाही. या किनाऱ्यावर माझं मनापासून प्रेम आहे आणि तुमच्या मुलांनीही ते घेऊन परत यावं असं वाटतं.

सागरगोटी · १२ मार्च

लालमाती ताई, हे छापून गाडीत ठेवणार आहे. शंखांचं तर मला माहीतच नव्हतं! आईला आज फोनवर सांगितलं. ती म्हणाली, मग बघायचे तरी ना?

लालमाती · १२ मार्च

बघायचे, फोटो काढायचे, आजींना म्हणावं मनसोक्त. :)

केळीवाला_रावेर · १३ मार्च

थोडं विषयांतर. कार्नार्वनला केळीच्या बागा आहेत असं वाचलं होतं. खरं का? वाळवंटासारखा प्रदेश आहे ना तो?

उत्तरायण · १३ मार्च

@केळीवाला_रावेर, खरं आहे. पाऊस वर्षाला जेमतेम सव्वादोनशे मिलिमीटरच्या आसपास. गॅस्कॉइन नदी बहुतेक दिवस वरून कोरडी वाळू असते, पाणी वाळूखालून वाहतं. तिथले लोक तिला उलटी नदी म्हणतात. ते वाळूतलं पाणी उपसून ठिबकवर केळी, आंबा, भाजीपाला. केळी आखूड आणि गोड. बागेतच गोठवलेली, चॉकलेटमध्ये बुडवलेली केळी मिळतात, माझ्या मुलींनी एका बैठकीत दोन-दोन खाल्ली.

त्याच गावात नासाचं जुनं माग-केंद्र होतं, जेमिनी आणि अपोलो मोहिमांसाठी. आता तिथे अंतराळ संग्रहालय आहे, २०१२ मध्ये बझ ऑल्ड्रिनच्या हस्ते उघडलं. मुलांना तिथल्या मोठ्या अँटेनाखाली उभं राहायला फार आवडतं.

केळीवाला_रावेर · १३ मार्च

वाळूखालचं पाणी आणि ठिबक! तापीकाठच्या माणसाला हे बघायला यायलाच हवं. धन्यवाद.

रत्नागिरीचा_राजा · १४ मार्च

सगळं छान आहे, पण मनात आलं ते विचारतो. इतका खटाटोप करून, पाणी बरोबर नेऊन, शंखाला हात न लावता समुद्र बघायचा, त्यापेक्षा आजीकडे अलिबागला पंधरा दिवस मुलांना पाठवलं तर?

सागरगोटी · १४ मार्च

राजे, अलिबागला जातोच, दर दोन वर्षांनी. पण मुलं आता इथली आहेत. वर्गात त्यांना शार्क बेच्या मूळ रहिवासी मल्गाना लोकांच्या गोष्टी सांगतात, शार्क बेला गुथार्रागुडा म्हणतात हे लेकीने मला शिकवलं. त्यांचा समुद्र हाही आहे. तो त्यांना परका वाटू नये म्हणून हा खटाटोप.

दोघांची_आई · १४ मार्च

सागरगोटी, हे वाचून डोळे भरले.

नकाशेवाली · १५ मार्च

कुणीच हे लिहिलं नाही म्हणून लिहिते. केप रेंजच्या कॅम्पांचं बुकिंग १८० दिवस आधी उघडतं आणि शाळेच्या सुट्टीतल्या तारखा लगेच जातात. जुलैच्या तारखा जानेवारीतच उघडल्या. आत्ता बघितलं, ऑस्प्रे बे, कुरजाँग, मेसा, तुमच्या आठवड्यात सगळं भरलंय. एक्समाउथ गावातल्या कॅरव्हॅन पार्कमध्ये जागा मिळेल, पण मग उद्यानातल्या किनाऱ्यांसाठी रोज तासभर गाडी, दोन्ही वेळा.

त्यामुळे वरचा वाद अर्धा आपोआप मिटतो. कोरल बेपर्यंत जा. तिथे बिल्स बे उथळ आणि शांत आहे, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर प्रवाळ. तीन वर्षांच्या मुलासाठी मी केप रेंजमधल्या टर्क्वॉइज बेपेक्षा तेच निवडेन. टर्क्वॉइज बेच्या एका बाजूला प्रवाह जोरात आहे, प्रवाळभिंतीतल्या फटीकडे ओढतो. तरंगत जाण्याची मजा मोठ्यांची, लहानांची नाही.

एक सांगायला हवं. या उन्हाळ्यात समुद्र फार तापला आणि निंगालूच्या प्रवाळांना मोठं ब्लीचिंग झालंय, म्हणजे त्यांचा रंग गेलाय. काही ठिकाणी पांढरं दिसेल. मुलं विचारतील. माझ्या मते त्यांना खरं सांगावं.

उत्तरायण · १५ मार्च

१८० दिवसांचं मी सांगायला हवं होतं, राहून गेलं. नकाशेवाली यांना धन्यवाद. मी माझं मत बदलतो: कोरल बेला थांबा.

ध्रुव_आजोबा · १६ मार्च

मी मेलबर्नला मुलाकडे असतो, आकाशाचा छंद आहे. आपण पंचांग उघडावं. १० जुलैला गुरुपौर्णिमा आहे. म्हणजे ८ ते १२ दरम्यान जिथे असाल तिथे चांदणं लख्ख असेल, तारे कमी दिसतील, पण मुलांना दिव्याविना फिरता येईल. १४ नंतर चंद्र उशिरा उगवतो, तेव्हा संध्याकाळी उशिरापर्यंत काळोख.

आता गंमत ऐका. आपल्याकडे वृश्चिक दक्षिणेला कलंडलेला दिसतो. जुलैत शार्क बेच्या अक्षांशावर रात्री साडेनऊच्या सुमारास ज्येष्ठा तारा जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. मुलीला पाठीवर झोपवा आणि सरळ वर बघायला सांगा, लाल दिसेल ती ज्येष्ठा. शेपटीकडचं मूळ नक्षत्र. दक्षिणेला त्रिशंकू, ज्याला इथे सदर्न क्रॉस म्हणतात आणि जो यांच्या झेंड्यावर आहे. त्रिशंकूशेजारी आकाशगंगेत एक काळा डाग दिसतो. इथल्या आदिवासी समाजांना तिथे एमूचं डोकं दिसतं, मान आणि अंग वृश्चिकापर्यंत पसरलेलं. ताऱ्यांमधल्या काळोखात आकृती बघायची ही रीत मला फार आवडते.

सागरगोटी · १६ मार्च

आजोबा, नमस्कार. हे आईला वाचून दाखवलं, तिला मूळ नक्षत्र ओळखता येतं म्हणाली!

मेतकूट · १८ मार्च

जेवणाचं कुणी बोलेल का? :)

माझा अनुभव: तीन लिटरचा कुकर न्या, जड वाटला तरी. वाऱ्यात उघड्या भांड्यात भात शिजायला गॅस दुप्पट लागतो. मूगडाळ-तांदूळ घरीच मिसळून, हळद-हिंग-मीठ घालून एकेका जेवणाच्या पिशव्या करा. पिठल्याचं पीठ तसंच. मेतकूट, भडंग, दाण्याची चटणी. पोळ्यांच्या भानगडीत पडू नका, रॅप वापरा. शेगडीभोवती वारा अडवायला पत्र्याची घडीची भिंत मिळते, ती घ्याच.

आजी येताना भारतातून काय आणतील ते कार्डावर सगळं जाहीर करायला सांगा. कढीपत्ता, ओल्या मिरच्या, ताजी फळं, बिया मुळीच नकोत. जाहीर केलेलं फार तर काढून घेतात. लपवलेल्याला दंड असतो.

भटका_बोरिवली · १८ मार्च

रात्री तंबूबाहेर कुकरची शिट्टी झाली तर शेजारचे ऑस्ट्रेलियन काय म्हणतात?

मेतकूट · १८ मार्च

आमच्या शेजारच्या बाईंनी धावत येऊन विचारलं काय बिघडलं. तिला वरण-भात-तूप खायला घातलं. दुसऱ्या दिवशी शिट्टी झाल्यावर ती वाडगा घेऊन आली.

पांडू_हवालदार_नाही · १९ मार्च

गाडीतल्या सीटचं लक्षात ठेवा. चार वर्षांखालच्या मुलाला पट्ट्यांची चाइल्ड सीट सक्तीची, चार ते सातमध्ये पट्ट्यांची किंवा बूस्टर. दोन सीट मागे लावून आजी कुठे बसणार ते आधी करून बघा. आमच्या वेळी निघायच्या सकाळी कळलं की सासूबाई मध्ये मावत नाहीत.

आणि धाकट्यासाठी गाडीच्या डिकीत पॉटी. दोनशे किलोमीटरमध्ये झाडसुद्धा धड नसतं.

दख्खनराणी · १९ मार्च

रोड ट्रेनबद्दल. तीन-चार डबे जोडलेले ट्रक, ५३.५ मीटरपर्यंत लांब. समोरून आला की हवेचा धक्का बसतो, स्टिअरिंग घट्ट धरा. ओव्हरटेक करायचा तर समोर खूप लांबपर्यंत मोकळा रस्ता दिसला तरच. आम्ही तर मागे राहून पुढचा रोडहाउस येऊ द्यायचो. मुलं आइस्क्रीम खायची, तो ट्रक पुढे निघून जायचा.

सागरगोटी · २ एप्रिल

सगळ्यांचं वाचून नवीन आराखडा केला. जेराल्डटन १ रात्र, कालबारी २, डेनम ५, कार्नार्वन १, कोरल बे ३, परतताना कार्नार्वन १ आणि जेराल्डटन १. एक्समाउथ नाही. नवऱ्याने दोन दिवस विचार केला आणि मग स्वतःच कोरल बेच्या पुढचा अर्धा नकाशा घडी घालून आत ठेवला. आईसाठी डेनम आणि कोरल बेला साधी केबिन घेतली आहे, तंबूला लागून. ती म्हणते मी तंबूतच झोपणार. बघू.

दोघांची_आई · २ एप्रिल

डेनमला पाच रात्री! लिटल लगून बघा. गावापासून अगदी जवळ, गुडघाभर पाणी, लाटा नाहीत. दुसरीकडे कुठेही गेला नाहीत तरी चालेल.

नकाशेवाली · ३ एप्रिल

शार्क बेतल्या हॅमेलिन पूलला जाणार असाल तर आधी चौकशी करा. २०२१ च्या सेरोजा चक्रीवादळात तिथल्या लाकडी वाटेचं नुकसान झालं होतं. खारट पाण्यात, समुद्राच्या जवळजवळ दुप्पट खारट, सूक्ष्मजीव थरावर थर चढवत दगडासारखे उंचवटे तयार करतात, त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. मुलांना दगड वाटतील. पण पृथ्वीवर प्राणवायू भरला तो याच प्रकारच्या जीवांनी, हे लेकीला सांगून बघा.

भटका_बोरिवली · २२ जुलै २०२५

सागरगोटी, आलात का? कसं झालं?

सागरगोटी · २४ जुलै

आलो! उशीर झाला, चार दिवस कपडे धुणं चालू आहे, वाळू अजून संपत नाही.

कालबारीला ६ तारखेला आषाढी होती. आईने मर्चिसन नदीच्या मुखाशी शेगडीवर साबुदाण्याची खिचडी केली. वारा इतका की दाण्याचं कूट उडालं. पण खिचडी झाली आणि लेकीने विठ्ठलाचं एक नाव घेतल्याशिवाय घास घ्यायचा नाही असा नियम स्वतःच काढला. धाकटा दर घासाला "विठ्ठल" म्हणत होता.

डेनमला दुसऱ्या रात्री दक्षिणेचा वारा सुटला. जमीन शिंपल्यांच्या चुऱ्याची, घट्ट, आमच्या बारीक खुंट्या आत जाईनात आणि जाताहेत त्या निघून येत होत्या. रात्री अकराला एक खांब वाकला. मी मुलांना उचलून केबिनमध्ये नेलं. शेजारी सत्तरीचं एक जोडपं होतं, निवृत्तीनंतर वर्षभर देशभर फिरणारं. त्यांनी ड्रिल आणून लांब मळसूत्री खुंट्या जमिनीत फिरवल्या. दोऱ्या बांधायची वेळ आली तेव्हा आई पुढे आली. तिचे वडील मचव्यावर होते, होडीची गाठ तिच्या बोटांत आहे. ते आजोबा बॅटरी धरून बघत राहिले, मग म्हणाले पुन्हा दाखवा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. दुसऱ्या दिवशी दोघं अर्धा तास दोरी घेऊन बसले होते. चंद्र इतका लख्ख होता की मला तंबूच्या दोऱ्यांच्या सावल्या दिसत होत्या.

लिटल लगूनला आम्ही पाच दिवसांत चार वेळा गेलो. धाकटा सकाळी नऊला पाण्यात बसायचा आणि बाराला ओढून काढावा लागायचा. पहिल्या दिवशी तो खेळणी मागत होता. तिसऱ्या दिवशी त्याने मला सांगितलं, "आई, पाणी लांब गेलंय, आता खेकडे येणार." भरती-ओहोटी त्याला कुणी शिकवली नव्हती. मी तिथेच वाळूत बसून राहिले.

डेनमजवळच्या मंकी मियाला तीन सकाळी गेलो. तिथे रेंजर मोजक्या वयस्क डॉल्फिन माद्यांना थोडेच मासे देतात, त्यांची शिकारीची सवय सुटू नये म्हणून, आणि जमलेल्यांतून काहीजणांना पुढे बोलवतात. लेकीचा नंबर एकदाही लागला नाही. तिसऱ्या दिवशी मला वाटलं रडेल. ती म्हणाली, डॉल्फिनने माझ्याकडे एका डोळ्याने बघितलं. मग गाडीत शांत बसून तो डोळा काढत होती. रेंजरनी शार्क बेच्या समुद्रगवताबद्दल सांगितलं ते तिला आमच्यापेक्षा जास्त समजलं: तिथे १८० किलोमीटर पसरलेलं गवत म्हणजे एकच रोप आहे, २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी ओळखलं, आणि ते किमान साडेचार हजार वर्षांचं आहे. इथलं समुद्रगवत खाऊन हजारो ड्यूगाँग, म्हणजे समुद्रगायी, जगतात. लेक आता घरच्या लॉनकडेही संशयाने बघते.

कोरल बेला ज्येष्ठा डोक्यावर बघितली. ध्रुव आजोबा, १६ तारखेला, चंद्र उगवायच्या आधी. आईने मूळ नक्षत्र दाखवलं आणि लेकीने शाळेत शिकलेला एमू आईला दाखवला. आधी डोकं, मग मान. आईला दिसायला पाच मिनिटं लागली. दिसला तेव्हा ती मोठ्याने "अगं बाई!" म्हणाली आणि शेजारच्या तंबूतून कुणीतरी हसलं.

प्रवाळ काही ठिकाणी पांढरे होते. लेकीने विचारलं, मी खरं सांगितलं. तिने विचारलं परत रंग येईल का. मी म्हटलं, पाणी थंड राहिलं तर काहींना येईल. त्या दिवशी ती फार बोलली नाही.

आता माझ्या मूळ प्रश्नांची उत्तरं, पुढच्या कुणासाठी. धाकटा सलग दोन तास दहा मिनिटं बसतो, त्यापुढे एक मिनिटही नाही. एका दिवसात साडेतीनशे किलोमीटरपर्यंत ठीक. कार्नार्वन ते जेराल्डटन ४८० केले, तो एकच दिवस सगळ्यांना जड गेला आणि तो मी पुन्हा करणार नाही, मध्ये एक रात्र टाकेन. आणि आई एकदाही केबिनमध्ये झोपली नाही. वाऱ्याच्या त्या रात्रीसुद्धा.

दोघांची_आई · २४ जुलै

"आता खेकडे येणार." हे वाचून मी माझ्या मुलाला जवळ घेतलं. पुढच्या वर्षी आम्ही फक्त डेनम, दहा रात्री.

ध्रुव_आजोबा · २५ जुलै

आजींना नमस्कार सांगा. मला अजून एमूची मान नीट लागत नाही, लेकीला विचारून कळवा मानेचा कोन.

लालमाती · २५ जुलै

दाबपट्ट्या लागल्या नाहीत ना?

सागरगोटी · २५ जुलै

नाही ताई, फक्त सरावाला. धाकट्याने आजीचा पाय रोज गुंडाळला.

उत्तरायण · २६ जुलै

तुमचं वाचून बायको म्हणाली आपण पुन्हा जाऊ, पण या वेळी थांबायला. पुढच्या जुलैसाठी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बुकिंग उघडेल, मी फोनवर गजर लावला आहे. सागरगोटी, तुमच्यासाठीही लावू का?

सागरगोटी · २६ जुलै

लावा. नवऱ्याने नकाशाचा तो घडी घातलेला अर्धा परत काढून फ्रिजवर चिकटवला आहे.

मेतकूट · २६ जुलै

कुकर किती लिटरचा नेलात शेवटी?

सागरगोटी · २६ जुलै

तीनचा. शेजारच्या आजी-आजोबांना धरून सात माणसांना बरोबर पुरला.